‘मी इथलाच आहे’: मे महिन्यात नागपूरला आलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर दक्षिण नागपुरातलं. तळमजला, वर एक मजला आणि त्यावर उघडी गच्ची. खाली ७२ वर्षांचे आजोबा, ६६ वर्षांच्या आजी आणि लग्न ठरलेली धाकटी मुलगी. थोरला मुलगा ४१ वर्षांचा. तो १४ वर्षांपासून एडिंबरोला असतो. बहिणीच्या लग्नासाठी तो, बायको (वय ३८, माहेर पुण्याचं) आणि चार वर्षांची मुलगी १४ मेच्या पहाटे दोहामार्गे नागपूरला उतरले. लग्न २८ मेचं, परतीचं विमान ५ जूनचं. कुटुंबाची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

एडिंबरोत मे महिन्यात दुपारचा पारा साधारण १५ अंशांच्या आसपास असतो. नागपुरात मेचं सरासरी कमाल तापमान ४२ ते ४३ अंश, आणि नवतपात (मे अखेरीच्या सर्वांत तप्त नऊ दिवसांत) ते ४५ च्या वर जाणं इथे कोणाला नवल वाटत नाही. शहराचा उच्चांक ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३ चा. म्हणजे हे कुटुंब एका रात्रीत २८ अंश वर चढलं.

तयारी त्यांनी केली होती. सनस्क्रीन, टोप्या, मुलीसाठी छोटा पंखा, प्रवासाचा विमा. तिकडच्या दवाखान्यात लसींबद्दल विचारून झालं. सून मायग्रेनसाठी टोपिरामेट घेते, या गोळीने घाम कमी येऊ शकतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. आजोबा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी एकत्र गोळी घेतात. यातला दुसरा घटक लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतो. ते पक्के नागपूरकर असल्यामुळे त्यांच्याकडे तर कोणाचं लक्षच नव्हतं.

अडचण: सवय जन्माची नसते

मुलाचं वाक्य घरात पुन्हापुन्हा ऐकू आलं: ‘मी इथलाच आहे. दहावीत असताना मे महिन्यात सायकलने बर्डीला (सीताबर्डीला) जायचो.’ ते खरंच होतं. फक्त त्या सायकलवाल्या पोराचं शरीर आता राहिलेलं नव्हतं.

उन्हाची सवय होणं म्हणजे काय? रोज थोडा वेळ उष्णतेत राहिलं की ७ ते १४ दिवसांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. घामातलं मीठ कमी होतं. रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. उष्णतेचा संबंध सुटला की ही कमाई तीन-चार आठवड्यांत जवळजवळ पुसून जाते. १४ वर्षं स्कॉटलंडमध्ये राहिलेला नागपूरकर आणि पहिल्यांदा भारतात आलेला स्कॉटिश माणूस, १४ मेच्या सकाळी दोघांचं शरीर सारखंच कच्चं. फरक इतकाच की दुसरा घाबरून घरात बसतो आणि पहिला स्कूटरची किल्ली मागतो.

दुसरी अडचण घरच्यांच्या बाजूची. नागपूरकराचा उन्हाळा त्याच्या सवयीत मुरलेला असतो. बाजार दहाच्या आत, दुपारी दारं-खिडक्या बंद, बाहेर निघताना तोंडाला दुपट्टा, निघण्याआधी पोटात काहीतरी आणि वर ताक. हे सगळं हाताच्या सवयीने होतं, म्हणून पाहुण्याला सांगावं लागतं हे लक्षातच येत नाही. ‘त्याला काय सांगायचं, तो इथलाच आहे’ असं आई-वडिलांनाही वाटलं.

वरची खोली

पाहुण्यांना मोकळीक मिळावी म्हणून वरची खोली दिली. घरात एकच एसी, तो खाली आजी-आजोबांच्या खोलीत. वर प्लास्टिकचा, चाकांचा कूलर ठेवला होता.

या खोलीत दोन चुका झाल्या. पहिली जागेची. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडायला लागतो. त्यामुळे गच्चीखालची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. म्हणजे पाहुणे झोपायला जातात नेमक्या त्या वेळीही.

दुसरी चूक कूलरची. सुनेने कूलर खोलीच्या मध्ये ओढला आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या आणि दार घट्ट लावलं. एसीला हे बरोबर, कूलरला उलटं. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेतून पाणी उडालं तर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या ताट्यांचा कूलर प्रत्यक्षात २८-२९ अंशांची हवा देतो. पण त्यासाठी त्याला बाहेरची कोरडी हवा ओढता आली पाहिजे आणि ओलसर झालेली हवा समोरून बाहेर गेली पाहिजे. बंद खोलीत तो तीच ओली हवा फिरवत राहतो. नंतर आणलेल्या छोट्या मापकावर त्या खोलीत दुपारी ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता दिसली. चादर हाताला दमट लागत होती, उशीच्या अभ्र्याला कुबट वास येत होता. अशा हवेत घाम उडत नाही. पहिल्या दोन रात्री तिघांपैकी कोणीही सलग तीन तास झोपलं नाही. विमानप्रवासाने झोपेचं वेळापत्रक आधीच बिघडलेलं होतं, त्यात ही भर.

कूलर खिडकीला चिकटवून, त्याची पाठ बाहेर करून आणि समोरच्या भिंतीतली खिडकी हातभर उघडी ठेवल्यावर त्याच खोलीत ३१ अंश आणि ६० टक्क्यांच्या आसपास मिळाले. हा बदल झाला चौथ्या दिवशी. दोन दिवस आधी झाला असता तर तिसरा दिवस वेगळा गेला असता, असं आमचं मत आहे.

तिसरा दिवस

आदल्या रात्री जुने मित्र जमले होते. दोन बिअर झाल्या, जागरण झालं. १६ मेच्या सकाळी मुलगा फक्त चहा घेऊन अकरा वाजून दहा मिनिटांनी मामेभावासोबत स्कूटरवर इतवारीला निघाला. अहेराची भांडी, साड्यांना फॉल लावायला देणं, पत्रिकांचा दुसरा गठ्ठा. अंगात काळा टी-शर्ट आणि जाड जीन्स, डोक्यावर टोपी. आजींनी दुपट्टा पुढे केला तर ‘राहू दे गं, गुदमरतं’ म्हणून त्याने तो खुर्चीवर टाकला.

दुपट्ट्याचं कारण इथे नीट सांगायला हवं, कारण बाहेरच्याला तो धुळीसाठी वाटतो. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ४४ ची असेल तर स्कूटरवर लागणारा वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. ओव्हनचं दार उघडल्यावर येते तशी ती झळ असते. सुती कापडाचा थर ही झळ अडवतो आणि आतला ओलावा लगेच उडू देत नाही. तोंड, कान, मान आणि मनगटं झाकणं हे नागपुरात सोंग नाही, ते इन्सुलेशन आहे.

साडेतीन तासांत त्याने अर्धा लिटर पाणी आणि एक ग्लास उसाचा रस घेतला. इतक्या उन्हात चालताना-उचलताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. पण कोरड्या हवेत तो दिसत नाही. सुटतो तसा उडतो. ‘घाम तर आलाच नाही’ असं तो म्हणत होता, आणि त्याच्या काळ्या टी-शर्टवर काखेपासून पाठीपर्यंत मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या.

पावणेतीनच्या सुमारास तो घरी पोहोचला. डोकं ठणकत होतं, पोटऱ्यांत वांब येत होते, तोंड पांढुरकं, त्वचा चिकट. दारातच त्याला चक्कर आली.

पहिली पंधरा मिनिटं

ही पंधरा मिनिटं प्रेमाने वाया गेली. एकाने त्याला आराम पडावा म्हणून जिना चढवून वरच्या खोलीत नेलं. आजींनी कांदा किसून तळपायांना चोळायला घेतला. सुनेने पॅरासिटामॉल दिली. मामेभावाने फ्रिजमधली बाटली हातात दिली, त्याने ती घटाघट अर्धी प्यायली आणि लगेच उलटी झाली.

यातलं प्रत्येक पाऊल का चुकलं ते सांगतो. जिना चढताना स्नायू आणखी उष्णता तयार करतात, आणि तो चढून जात होता घरातल्या सर्वांत गरम खोलीत. कांद्याने इजा होत नाही, पण तो वेळ खातो आणि घरातला सर्वांत जाणता माणूस त्यात गुंतून पडतो. पॅरासिटामॉल संसर्गाच्या तापात काम करतं, कारण तिथे मेंदूनेच तापमानाचा काटा वर सरकवलेला असतो. उन्हाने तापलेल्या शरीरात काटा जागेवरच असतो, उष्णता बाहेर पडत नाही एवढंच. गोळीचा उपयोग शून्य. आणि रिकाम्या, चिडलेल्या पोटात एकदम भरपूर गार पाणी गेलं की ते बाहेर येतंच.

निर्णय: घरी की १०८

नात्यातल्या एक परिचारिका फोनवर मिळाल्या. त्यांनी पहिले तीन प्रश्न विचारले: नाव-गाव-वार नीट सांगतो का? बोलणं अडखळतं का? विचित्र वागतो का? तापमान त्यांनी नंतर विचारलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. काखेतल्या थर्मामीटरवर ३८.९ अंश सेल्सिअस दिसत होते, पण काखेतलं माप शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा बरंच कमी येऊ शकतं आणि अंग ओलं केल्यावर तर त्यावर विसंबता येतच नाही. उष्माघात ओळखायचा तो आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत मेंदूची गडबड यावरून. गोंधळ, बडबड, झटके, बेशुद्धी यांतलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत पाणी मारत राहायचं. अशा वेळी तोंडातून पाणीही द्यायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मुलगा शुद्धीत होता. वार, तारीख, कोणत्या दुकानात किती पैसे दिले, सगळं बरोबर सांगत होता. म्हणून ठरलं ते असं: घरीच गार करायचं, अर्ध्या तासात स्पष्ट उतार नसेल किंवा दुसरी उलटी झाली किंवा बोलणं बदललं, तर लगेच हलवायचं. एक जण घड्याळ घेऊन शेजारी बसला. १०८ लावायची जबाबदारीही त्यालाच दिली, म्हणजे ‘तू लाव, मी लावतो’ होणार नाही.

मग जे केलं:

त्याला खाली आणून हॉलच्या फरशीवर निजवलं, पाय उशीवर. जीन्स आणि टी-शर्ट काढला. जुनी सुती चादर माठाच्या पाण्यात भिजवून, निथळून अंगावर टाकली आणि टेबलफॅन थेट त्यावर सोडला. दर तीन-चार मिनिटांनी पुन्हा पाणी मारलं. कोरड्या नागपुरात हा सर्वांत ताकदवान उपाय आहे, कारण एक लिटर पाणी उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं आणि १५ टक्के आर्द्रतेत ते झपाट्याने उडतं. कोरड्या अंगावर नुसता पंखा मात्र ४० अंशांच्या वर गरम वाराच मारतो. मान, काखा आणि जांघेत रुमालात गुंडाळलेला बर्फ ठेवला.

तोंडातून ओआरएस. २०.५ ग्रॅमचं पाकीट मोजून एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात टाकायचं नाही, प्रमाण बिघडतं. उलटी झालेली असल्याने पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला दोन चमचे, ते टिकल्यावर दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी. पाकीट नसतं तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, तोही चहाचाच चमचा. दुकानातलं फळांच्या चवीचं खोक्यातलं पेय त्याऐवजी चालत नाही, त्यात साखर फार आणि मीठ नावाला.

साडेतीनला डोकेदुखी निम्मी झाली, नाडी १२४ वरून ९६ वर आली. संध्याकाळी सव्वासहाला लघवी झाली, गडद चहासारखी. रात्री दहापर्यंत दोन लिटर ओआरएस, वरण-भात आणि मिठाचं ताक झालं आणि लघवीचा रंग फिका झाला. सायंकाळी घराजवळच्या डॉक्टरांनी तपासलं. सलाईनची गरज नव्हती. पुढचे ४८ तास उन्हाला तोंडही दाखवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. गडद लघवी दुसऱ्या दिवशीही राहिली असती तर स्नायू आणि मूत्रपिंडासाठी रक्त तपासावं लागलं असतं.

अदलाबदल, आणि तिचा परिणाम

त्याच रात्री आजोबांनी निर्णय जाहीर केला: ‘तुम्ही खाली एसीत झोपा. आम्हाला सवय आहे.’ कोणी विरोध केला नाही, सर्वांना तो योग्यच वाटला. या प्रकरणातला सर्वांत मोठा चुकलेला निर्णय हाच, असं आम्हाला वाटतं. इतवारीची फेरी चुकलेली दिसत होती, ही चूक मात्र पाहुणचाराच्या पांघरुणाखाली गेली.

घरातली गरम खोली तशीच राहिली, फक्त तिच्यातली माणसं बदलली. सवय वयाला बांधील असते. म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा लागते, घाम कमी सुटतो. आजोबा दिवसभर मांडववाले, आचारी, बँक अशी धावपळ करत होते, दुपारची झोप बंद झाली होती, आणि रात्री तापलेल्या स्लॅबखाली. वर ती पाणी काढणारी गोळी रोज सकाळी नियमाने.

२१ मेच्या सकाळी देवपूजेवरून उठताना त्यांना अंधारी आली. भिंत धरली म्हणून पडले नाहीत. रक्तदाब बसून ११२/७० आणि उभं राहून तीन मिनिटांनी ९२/६०. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने उतरणं ही धोक्याची खूण. डॉक्टरांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासलं, सोडियम थोडं कमी निघालं. एकत्र गोळी बदलून उन्हाळ्यापुरतं फक्त टेल्मिसार्टन ठेवलं, घरी रोज दोनदा रक्तदाब मोजून लिहायला सांगितलं. असा बदल स्वतःच्या मनाने करायचा नसतो. पण मार्च अखेरीला ‘उन्हाळ्यात ही गोळी अशीच चालू द्यायची का?’ हा प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जाणं घरच्यांच्या हातात होतं. सुनेच्या टोपिरामेटबद्दल त्याच दिवशी विचारलं. डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवून उन्हापासून लांब राहायला सांगितलं. ती पहिला आठवडा घरातच होती, म्हणून निभावलं.

पर्याय कोणते होते

पाहुण्यांना हॉटेलात ठेवणं: लग्नघरात हे बोलायलाही जड, आणि आजी-आजोबांची खोली तशीच राहिली असती तर हाच पर्याय सर्वांत साधा होता. दुसरा एसी विकत घेणं: तीन आठवड्यांसाठी खर्चिक, शिवाय वरच्या मजल्याची वायरिंग जुनी. एसी किंवा कूलर भाड्याने घेणं: नागपुरात उन्हाळ्यात सहज मिळतात, मात्र नवतपाच्या तोंडावर मिळतीलच असं नाही. सगळ्यांनी एकाच गार खोलीत गाद्या टाकून झोपणं: फुकटचा आणि पटकन होणारा उपाय.

शेवटी दोन गोष्टी एकत्र केल्या. आजी-आजोबा पलंगावर, नात त्यांच्याजवळ, मुलगा आणि सून खाली गादीवर, सगळे एसीच्या खोलीत. एसी २६ अंशांवर आणि छताचा पंखा संथ. १८ अंशांवर ठेवला असता तर शरीराला सवय लागायलाच अडचण आली असती आणि दार उघडताच उन्हाचा तडाखा बसला असता. हॉलसाठी भाड्याचा मोठा, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणला. वरची खोली फक्त सामानाला राहिली. गच्चीवर हिरवी जाळी बांधली आणि स्लॅबला पांढरा चुना मारला, पण याचा परिणाम हळू दिसतो. हे काम एप्रिलमध्येच करायचं असतं.

पत्र्याच्या कूलरबद्दल थांबून सांगायला हवं. ओल्या फरशीवर अनवाणी पोर आणि पत्र्याची टाकी, हे जीवघेणं जुळणं आहे. पंपाची वायर फाटली आणि अर्थिंग नसलं तर पूर्ण पत्रा जिवंत होतो. भाड्याचा कूलर आल्यावर इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं, त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला, आणि टाकीत पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा असा नियम केला. नातीला हात लागू नये म्हणून समोर दिवाण आडवा लावला. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर तिच्यात डेंग्यूचे डास वाढतात.

एसीच्या कोरड्या हवेत तीन दिवसांनी नातीचा घोळणा फुटला. इथली रीत मान मागे टाकून डोक्यावर पाणी थापण्याची. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. तिला ताठ बसवून थोडं पुढे वाकवलं, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी दहा मिनिटं सलग दाबून धरला, मध्ये उघडून पाहिलं नाही. थांबलं. मग रोज रात्री नाकपुड्यांत आतल्या कडेला व्हॅसलीनचं बोट आणि खोलीत पाण्याचं घमेलं.

सवय लावण्याचा कार्यक्रम आणि लग्न

१९ मेपासून मुलगा सकाळी साडेसहाला गच्चीवर किंवा गल्लीत चालायला लागला, पहिल्या दिवशी २० मिनिटं, मग रोज दहा-दहा वाढवत तासापर्यंत. सून सावलीतच, कमी वेळ. खरेदी सकाळी दुकानं उघडताच किंवा संध्याकाळी सातनंतर, स्कूटरऐवजी मेट्रोने बर्डीला गाडी बदलून अग्रसेन चौक किंवा चितार ओळीपर्यंत. निघण्याआधी एक ग्लास मिठाचं ताक किंवा पन्हं, बाहेर असताना दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, आणि तासापेक्षा जास्त असेल तर त्यात ओआरएस. नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर रिचवलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून हे. पन्ह्यातही मीठ पडलं तरच ते उन्हाचं औषध, नाहीतर ते गोड सरबत.

लग्नाची तारीख हलणार नव्हती, वेळा हलल्या. गच्चीवर अकराला ठरलेली हळद सकाळी सातला हॉलमध्ये झाली. गोरज मुहूर्त तसाच राहिला. वऱ्हाडाशी बोलून एक किलोमीटरची वरात लॉनच्या दारापासून दोनशे मीटरची केली आणि ती साडेसहानंतर निघाली. नागपुरात मे अखेरीला सूर्य पावणेसातच्या पुढेच मावळतो आणि डांबर त्यानंतरही तापलेलं असतं. मुलाने शेरवानी रद्द करून सुती कुर्ता-धोतर घातलं. नातीला मलमलचा झबला, मांडवात गेल्यावर वरून परकर-पोलकं. लॉनवर मठ्ठ्याचे दोन काउंटर प्रवेशाजवळच लावले आणि एक खोली एसी सुरू ठेवून वृद्धांसाठी राखली. पाहुण्यांनी बाहेरचा बर्फ टाळला, पनीरचे पदार्थ वाढायला लागताच खाल्ले. जुलाब लागले असते तर इतक्या दिवसांची सगळी मेहनत एका रात्रीत वाहून गेली असती. कोणी आजारी पडलं नाही.

एडिंबरोहून मित्रांचे फोन येत होते: मोबाईलवर नागपूर ४७ दिसतंय, खरं का? आकड्यांबद्दल घरात नियम झाला, तो असा: हवामान खात्याचंच पाहायचं. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि सेन्सर बिघडल्याचं खात्याने नंतर सांगितलं, हे अनेकांना आठवतं.

३० मेला वादळी पाऊस पडला. पारा ३६ वर आला, आर्द्रता साठीच्या घरात गेली आणि कूलर अचानक ‘बिघडला’. त्यात बिघाड नव्हता. अशा हवेत पाणी उडवून फार तर पाच अंश मिळतात, खोली मात्र चिकट होते. पंप बंद करून नुसता पंखा चालवला, खिडक्या समोरासमोर उघडल्या. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि छोटा कूलर चालत होता, एसी नाही. म्हणून आजोबांचा पलंग त्या रात्री हॉलमध्ये आणला.

पुढच्या वेळी काय वेगळं

लग्न नसतं तर भेट डिसेंबर-जानेवारीत. मे महिनाच असेल तर समारंभाच्या निदान दहा दिवस आधी यायचं आणि पहिले तीन दिवस खरेदी, मित्र, बिअर यांतलं काही ठेवायचं नाही. येण्याआधी महिनाभर, घरातल्या प्रत्येकाच्या, म्हणजे पाहुण्यांच्या आणि यजमानांच्याही, औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायची. खोल्यांची वाटणी ‘कोणाला मोकळीक हवी’ यावरून न करता रात्री दहाला मापक ठेवून जी खोली सर्वांत गार निघेल ती वृद्ध आणि लहानांना द्यायची. फ्रिजवर एक कागद: १०८, उष्माघाताच्या खुणा, ओआरएसचं प्रमाण, आणि सुती चादर कुठल्या कपाटात आहे ते. त्या दुपारी ओआरएस घरात होतं, पण ते कोणत्या डब्यात आहे हे फक्त आजींना माहीत होतं आणि त्या कांदा किसत होत्या.

निकाल

५ जूनला तिघं धडधाकट परत गेले. मुलाला आठवडाभर पोटऱ्या दुखल्या, तेवढंच. आजोबांचा उभ्याने घेतलेला रक्तदाब चार दिवसांत ११८ वर स्थिरावला. मृग लागला, पहिले दोन-तीन पाऊस झाले, त्यानंतरच्या तपासणीत सोडियम नेहमीसारखं निघालं आणि डॉक्टरांनी जुनी गोळी पुन्हा सुरू केली. तिच्या पाकिटावर आजींनी पेनाने लिहिलं आहे: ‘मार्चमध्ये विचारणे.’